मैफल ऐकताना

पेढीवरची बैठक आणि गवयाची बैठक यांचे सामान एकच असते. पांढरी स्वच्छ चादर घातलेली गादी, पाठीशी लोड, कोपराखाली तक्क्या, आणि समोर येणाऱ्यालाही जमिनीवरच जागा. आपल्या जुन्या घरांतील वडीलधाऱ्यांना विचारले तर त्यांच्यापैकी काही जण सांगतील, की संध्याकाळी खतावण्या उचलून फडताळात ठेवल्या जात आणि त्याच गादीवर कधी भजनी मंडळ, कधी एखादा गावोगाव फिरणारा गवई बसत असे. ऐकणारा आणि गाणारा यांच्यात दोन हातांचे अंतर असे. गवयाच्या कपाळावरचा घाम दिसे, तंबोऱ्याची तार हलताना दिसे, आणि एखादी जागा आवडली तर ती आवडल्याचे त्याला तत्काळ कळे.

हिंदुस्थानी संगीताला व्यापारी घराण्यांचा जो आश्रय मिळाला त्यात हौसेचा भाग होताच, पण काळाची गरजही होती. संस्थानांचे दरबार आटत गेले तेव्हा गवयांना दुसरे दार शोधणे भाग पडले. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ यांचे उदाहरण पुरेसे आहे. 1895 च्या सुमारास ते कोल्हापुरास आले, राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी राहिले आणि 1922 मध्ये महाराजांचे निधन झाल्यावर मुंबईस गेले. मुंबईत राजा नव्हता. तेथे होते ते शेठ, गिरणीमालक, कापूसबाजारातले आणि सराफ कट्ट्यावरचे व्यापारी, डॉक्टर, वकील. खाँसाहेबांची अवघड, पेचदार गायकी समजून घेणारे रसिक त्यांच्यातूनच निघाले. त्याआधी, 1901 मध्ये, कुरुंदवाडास जन्मलेल्या आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले होते. त्याला कोणा राजाचा खजिना नव्हता, लोकांच्या पैशावर ते उभे राहिले. गाणे असे लोकांच्या हाती आले, आणि त्याबरोबर ऐकणाऱ्याच्या योग्यतेचा प्रश्नही आला. राजाला कळत नसेल तर एका दरबाराचे नुकसान होई. शंभर शेठांना कळत नसेल तर नुकसान साऱ्या विद्येचे होते.

आज आपला समाज संगीताच्या आश्रयात मागे नाही. शहरोशहरीच्या संगीत सभांच्या निमंत्रणपत्रिका उघडून पाहाव्यात. सौजन्य म्हणून छापलेल्या नावांत आपली नावे सापडतातच. पैसा आपण देतो, आणि मोकळ्या हाताने देतो. परंतु त्या पैशाचे गाणे किती होते, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. एरवी पै-पैचा ताळा घेणाऱ्या माणसांनी हा ताळा एकदा घेऊन पाहावा.

समजा, पत्रिकेत वेळ साडेसहाची आहे. पाहुणे येईपर्यंत पावणेसात होतात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मग सत्काराला उत्तर, मग ज्यांच्यामुळे हा कार्यक्रम होत आहे त्यांचे मनोगत. प्रत्यक्ष पहिला षड्ज लागतो तेव्हा घड्याळात साडेसात वाजलेले असतात. दहाला सारे आटोपायचे आहे. उरले अडीच तास. त्यात दोन कलाकार, मध्ये चहाची सुट्टी, दुसऱ्या कलाकाराची वाद्ये लावणे. मुख्य गायकाच्या वाट्याला सव्वा तास आला तरी पुष्कळ. विलंबित ख्याल नीट उलगडायचा तर त्याला एकट्यालाच चाळीस-पन्नास मिनिटे लागतात. मग गायक काय करतो? तोही व्यवहारी माणूस आहे. तो आलाप आटोपता घेतो, ताना लवकर काढतो, एक लोकप्रिय भजन म्हणतो आणि भैरवी करून उठतो. आपण म्हणतो, "गाणे छान झाले, पण मन भरले नाही." मन भरेल इतका माल त्याला मांडूच दिलेला नसतो.

यावर काही जण म्हणतील, सत्कार हा आपल्या संस्कृतीचा भाग आहे. आहेच. पण गवयाचा खरा सत्कार त्याला पूर्ण ऐकण्यात आहे, आणि देणगीदाराचे नाव पत्रिकेत छापून झालेले असते. पहिल्या रांगेतल्या सोफ्यांविषयी तर बोलावेसे वाटत नाही. दीप लावून झाला की ते सोफे हळूहळू रिकामे होऊ लागतात, आणि गायकाला संध्याकाळभर समोर दिसतात त्या कुशनच्या खोळा.

हे सारे टाळता येण्यासारखे आहे. परंतु गाण्याला बसून राहायचे तर त्यात नेमके काय ऐकायचे, हे थोडे तरी माहीत हवे. "आम्हाला शास्त्रीयमधले काही कळत नाही" हे वाक्य आपल्या घरांत फार सहज उच्चारले जाते. कापडाचा हात कळायला, धान्याची मूठ कळायला, हिऱ्याचे पाणी कळायलाही वर्षे लागतात. तिथे कोणी "आम्हाला कळत नाही" म्हणून दुकान बंद करत नाही. डोळा तयार होतो तसा कानही तयार होतो. त्यासाठी गायला आलेच पाहिजे असे नाही.

आधी तंबोरा

पडदा उघडल्यावर कलाकार पाच-दहा मिनिटे तंबोरे लावत बसतो. सभागृहात याच वेळी सर्वांत अधिक बोलणे चालू असते. लोकांना वाटते, अजून सुरुवात व्हायची आहे. वस्तुतः सुरुवात झालेली असते. ती पाच मिनिटे गप्प बसून ऐकली तर पुढचे निम्मे काम होते.

तंबोऱ्याला चार तारा. पहिली साधारणतः मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची पितळी तार खर्जाची. रागात पंचम नसेल, जसा मालकंसात नसतो, तर पहिली तार मध्यमात लावतात. घोडीवर, म्हणजे ज्या रुंद पट्टीवरून तारा जातात तिथे, प्रत्येक तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवलेला असतो. त्याला जवारी लावणे म्हणतात. धागा केसभर मागेपुढे झाला की तारेचा आवाज एकदम खुलतो आणि त्यात भुंग्याच्या गुंजारवासारखी भर येते. अशी जवारी लागली, की खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला एक स्वर ऐकू येऊ लागतो. तो गंधार. त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. एका तारेच्या कंपनात तिचे अनेक उपस्वर दडलेले असतात आणि त्यांतला पाचवा उपस्वर म्हणजे हा गंधार. प्रथमच लक्ष देऊन ऐकणाऱ्याला तो पाचसात मिनिटांत सापडतो. आणि एकदा सापडला, की पुन्हा हरवत नाही. पुढे गवई यमनात किंवा भूपात गंधारावर येऊन थांबतो तेव्हा त्याचा गळा तंबोऱ्यात आधीच वाजत असलेल्या त्या स्वराशी मिळतो. सभागृहात एकदम शांत वाटते, ते का वाटते, हे मग उमगते.

ही वाद्ये आपल्या जवळचीच आहेत. मिरजेच्या सतारमेकर मंडळींच्या पिढ्यान्‌पिढ्या या कामात गेल्या आहेत. त्यांचे पूर्वज शस्त्रे घडवणारे शिकलगार. लढाया संपल्या, तलवारीला गिऱ्हाईक उरले नाही, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये दुरुस्त करता करता नवी बनवायला घेतली. त्यासाठी लागणारा मोठा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातल्या शेतांतून येतो. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या बांधवांपैकी किती जणांनी मिरजेच्या त्या गल्लीत जाऊन तंबोरा घडताना पाहिला आहे? सहलीला महाबळेश्वर आणि गोवा असतेच. एक सकाळ मिरजेला द्यावी. मुलांना फार आवडते. भोपळा वाळवणे, कापणे, त्यावर तबकडी बसवणे, कोरीवकाम, आणि शेवटी म्हाताऱ्या कारागिराचे कान लावून जवारी काढणे, हे सारे हातानेच होते.

एक व्यावहारिक गोष्ट आयोजकांसाठी. वातानुकूलित सभागृहात थंड हवेने तारा आणि कातडे दोन्ही बिघडतात. गारवा कमी-अधिक झाला की तंबोरा उतरतो, तबला चढतो किंवा उतरतो, आणि कलाकाराला मधेच पुन्हा हातोडी घ्यावी लागते. यंत्र आधीच तासभर चालवून एका मापावर ठेवावे आणि त्याचा झोत मंचावर सोडू नये. यात खर्च काहीच नाही.

पाच स्वर, दोन राग

राग म्हणजे स्वरांची यादी नव्हे, हे सांगायला भूप आणि देशकार यांच्याइतके सोयीचे उदाहरण नाही. दोन्हींत स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद दोघांतही नाहीत. तरीही भूप संध्याकाळ उलटल्यावरचा आणि देशकार सकाळचा. भूपाचा जीव गंधारात. तो खालच्या अंगाने, सावकाश, पायरी पायरीने फिरतो. देशकाराचा जीव धैवतात; त्याचा ओढा वरच्या षड्जाकडे असतो, आणि भूपात जिथे ऋषभावर टेकायचे तिथे तो ऋषभ नुसता ओलांडून जातो. एकाच भांडवलावर दोन भावांनी दोन निराळी दुकाने मांडावीत तसे हे आहे. माल तोच, पण गिऱ्हाईक दारातच ओळखते की आपण कोणाकडे आलो.

हा फरक पुस्तक वाचून कळत नाही. एखाद्या रविवारी सकाळी देशकार आणि त्याच दिवशी रात्री भूप, असे वीस-वीस मिनिटे ऐकावे. असे चार रविवार केले की कानाला भेद लागतो. नंतर मैफलीत गायकाने कोणताही राग घेतला, तरी आपण नकळत दोन गोष्टी शोधू लागतो: हा कोणत्या स्वरावर पुन्हा पुन्हा येऊन थांबतो आहे, आणि कोणता स्वर चोरून स्पर्श करून जातो आहे. एवढे शोधणारा श्रोता रागाचे नाव चुकला तरी चालेल. नाव शेजाऱ्याला विचारता येते.

येथे घराण्यांचा विषय निघतो. किराणा घराण्याचा गवई एकेका स्वरावर रेंगाळेल, तो स्वर सर्व बाजूंनी दाखवील. जयपूरचा गवई स्वरांची गुंफण करीत, लयीला बिलगून, दम न टाकता पुढे जाईल. कोणते श्रेष्ठ, या वादात पडण्याचे आपल्याला कारण नाही. अब्दुल करीम खाँ आणि अल्लादिया खाँ हे दोघेही आपल्याच मुलखात राहिले, एक मिरजेस आणि एक कोल्हापुरास, अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास; आणि दोघांच्या गाण्यात उत्तर-दक्षिण. इतकी समृद्धी एका पट्ट्यात क्वचितच नांदली असेल.

मात्रा मोजण्याविषयी

हिशेबाची सवय असलेल्या माणसाला संगीतातील सर्वांत सोपा भाग म्हणजे ताल, आणि नेमका त्यालाच आपण घाबरतो. त्रितालाच्या सोळा मात्रा. चार-चारचे चार भाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर टाळी नाही, हात नुसता बाजूला करायचा, ती खाली. तबल्याचा डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा आवाज, खालीच्या सुमारास गप्प होतो. तो गप्प झाला की निम्मे आवर्तन संपले, हे ओळखावे. तेराव्या मात्रेनंतर डग्गा परत घुमू लागतो आणि समेची चाहूल लागते.

सम म्हणजे पहिली मात्रा. गायक बंदिशीचा मुखडा अशा बेताने उचलतो की त्यातील ठरलेले अक्षर बरोबर समेवर पडावे. त्या आधी तो कितीही दूर भटकला तरी चालते. रोजमेळात दिवसभर जमाखर्चाच्या शंभर नोंदी पडाव्यात आणि संध्याकाळी शिल्लक पैशाला पैसा जुळावी, त्या वेळी मुनीमजींच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसते, त्याच जातीचे समाधान समेवर येताना सभागृहात पसरते. सर्वांच्या माना एकाच क्षणी हलतात. ज्याला संगीत कळत नाही म्हणतात त्याचीही हलते.

विलंबित ख्यालात मात्र थोडी चिकाटी हवी. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा. पण प्रत्येक मात्रा इतकी लांबवलेली, की एक आवर्तन पुरे व्हायला पाऊण मिनिट, कधी त्याहूनही अधिक लागते. येथे बोटांवर मोजू पाहणारा थकून जातो. तबलजीच्या ठेक्यातील ठळक अक्षरे ओळखीची करून घ्यावीत आणि मुखड्याची वाट पाहावी. सुरुवातीला वाट पाहणे लांबते, मग त्याची गोडी लागते. माझ्या मते ख्याल आवडणे म्हणजे बहुतांशी ही वाट पाहणे आवडणे. आमच्या नातेवाइकांत एक काका आहेत, पन्नास वर्षे किराणा मालाचा व्यापार केलेले. त्यांना रागाचे नाव कधी सांगता येत नाही. पण तबलजीने मात्रा खाल्ली की ते शेजारच्याच्या मांडीवर हात ठेवतात. त्यांचा अंदाज चुकलेला मी तरी पाहिला नाही.

दाद आणि टाळी

या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टाळी ही कामगिरी संपल्यावर द्यायची पावती. दाद ही त्या क्षणाची, मंद आवाजातली, समोरच्याला "पोहोचले" एवढेच सांगणारी. मान हलणे, एक "वाह", एक हुंकार. गायक जो आलाप करतो तो आधी लिहून आणलेला नसतो. राग आणि बंदिश ठरलेली असते, बाकी पुष्कळसे तिथल्या तिथे घडते. म्हणून समोरून पोहोचल्याची खूण मिळाली, तर तो त्याच वाटेने आणखी चार पावले जाऊन पाहतो. ती मिळाली नाही, तर वाट बदलतो. म्हणजेच ऐकणारा गाण्याला आकार देत असतो, त्याला ठाऊक असो वा नसो. केवळ जलद तानांवर कडाडून टाळी देणाऱ्या सभागृहाला पुढचा तासभर ताना मिळतात. हे गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणेच झाले. तक्रार कशाला करावी?

मोबाइलविषयी लिहिणे अटळ आहे, पण थोडक्यात लिहितो. हात वर करून चित्रण करणारा माणूस मैफलीत हजर नसतो, आणि त्याच्या मागचे चार जणही नसतात. ते चित्रण नंतर कोणी पाहत नाही.

ध्वनिमुद्रणाशी मात्र माझे भांडण नाही. 1902 साली कलकत्त्यात गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या तेव्हा एका तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत. शेवटी त्यांना स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगावे लागे, कारण तबकडी परदेशी तयार व्हायची आणि तिथल्या माणसांना गायिका कोण ते कळायला हवे. त्या तीन मिनिटांनीही किती काम केले पाहा. अब्दुल करीम खाँची तबकडी लहानपणी कानावर पडली आणि भीमसेन जोशी गाण्याच्या शोधात घर सोडून निघाले. केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार चोखंदळ होत्या. तरी त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाई वारल्या. तबकडी दार उघडते. आत जाऊन बसायचे तर मैफलीलाच जावे लागते. तिथे तासभरात राग जसा वाढत जातो, आवाज सुरुवातीला जड असून मग कसा मोकळा होतो, मधेच एखादी जागा हुकते आणि गायक ती पुन्हा कशी गाठतो, हे तबकडीत कापले गेलेले असते.

हरवलेली रात्र

आता एका मोठ्या नुकसानीविषयी. आपल्या रागांना वेळा आहेत. मावळतीला मारवा आणि पूरिया, मग यमन, भूप. रात्र वाढली की बिहाग, बागेश्री. मध्यरात्रीकडे मालकंस, दरबारी. उत्तररात्री सोहनी, परज. पहाटे ललित, मग भैरव, मग तोडी. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव 1953 मध्ये भीमसेनजींनी गुरूंच्या पहिल्या पुण्यतिथीनिमित्त सुरू केला, त्या महोत्सवाच्या रात्री उजाडेपर्यंत चालत. डिसेंबरच्या थंडीत शाली, घोंगड्या घेऊन लोक रमणबागेच्या मैदानावर बसत. रात्रीचे सारे प्रहर रागांतून ओळीने उलटत जात, आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजी गायला बसत. ज्यांनी ललित पहाटेच्या पहिल्या उजेडात ऐकला आहे त्यांना तो रात्री आठ वाजता ऐकवून पाहा. ते नम्रपणे ऐकतील, पण त्यांचे समाधान होणार नाही.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई केली. वर्षातील मोजके दिवस राज्य शासन ती मर्यादा मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, इतकेच. नियम योग्य आहे. आजारी माणसे, परीक्षा देणारी मुले यांचा विचार कोणीतरी करायलाच हवा होता, आणि रात्रीच्या कर्ण्यांचा त्रास ज्याने भोगला आहे तो या नियमाला नावे ठेवणार नाही. परंतु त्यात जाता जाता मालकंस ते ललित हा पट्टाच सार्वजनिक मैफलीतून निसटला. बंद सभागृहांना तो नियम तसाच्या तसा लागू नाही. पण सभागृहांची सत्रेही दहाच्या सुमारास संपतात आणि लोकांना घरी जायचे असते. पुण्याच्या महोत्सवाने दुपारपासून बैठका घेऊन आपली घडी बदलली. त्यामुळे दुपारचे मुलतानी, पटदीप यांना दिवस बरे आले. काही संस्था भल्या सकाळी सहाच्या मैफली करतात. त्या अवश्य गाठाव्यात. पहाटे उठण्याची सवय आपल्याला नवी नाही.

आणि येथेच घरच्या बैठकीची आठवण होते. चाळीस माणसांच्या दिवाणखान्यात ध्वनिक्षेपक लागतच नाही. ध्वनिक्षेपक नसेल तर दहाचा नियमही आड येत नाही. शेजारधर्म पाळला म्हणजे झाले. हिवाळ्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. चौविहार करणाऱ्या घरांत साडेसहापर्यंत पाने उचललेली असतात, स्वयंपाकघर बंद असते, रात्री पाहुण्यांच्या जेवणाची धावपळ नसते. असे घर मैफलीसाठी जणू तयारच आहे. ज्या घरांत रात्री जेवण होते तिथे यजमानीण संध्याकाळभर आत-बाहेर करीत असते आणि तिच्याच घरचे गाणे तिला ऐकायला मिळत नाही; आपल्या भगिनींना ही सोय आपल्या व्रताने आपोआप दिली आहे.

अशा बैठकीसाठी नावाजलेला कलाकारच हवा असे नाही. पंचविशी-तिशीतले किती तरी गायक-वादक बारा-पंधरा वर्षे तालीम घेऊन बसलेले आहेत, त्यांना ऐकायला चांगली माणसे हवी आहेत. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी संगीत नावाच्या कार्यक्रमात ध्वनियंत्रणेवर आपण जे खर्च करतो त्याच्या लहानशा हिश्श्यात एक गायक, तबलजी, संवादिनीवादक आणि तंबोऱ्यावर दोन शिष्य, एवढ्यांचे सन्मानाने मानधन होते. मानधन आधी ठरवावे आणि उठण्यापूर्वी पाकिटात द्यावे. उधारी येथे शोभत नाही. कलाकाराला राग सुचवू नये, वेळ मात्र मोकळी द्यावी. फर्माईश करायचीच तर शेवटच्या अर्ध्या तासात.

आपल्या पोथ्यांतले राग

ही विद्या आपल्याला परकी आहे असे वाटणाऱ्यांसाठी थोडे सांगतो. संगीतसमयसार हा संस्कृत ग्रंथ लिहिणारे पार्श्वदेव हे जैन आचार्य होते. 1350 च्या सुमारास संगीतोपनिषत्सारोद्धार रचणारे सुधाकलश हेही जैन मुनी. भूधरदास, द्यानतराय, दौलतराम यांची पदे आपण स्वाध्यायात म्हणतो. त्यांच्या जुन्या छापील संग्रहांत पदाच्या माथ्यावर रागाचे नाव दिलेले असते. श्वेतांबर पूजासंग्रहांतही ढाळींवर राग आणि देशी यांची नावे आढळतात. म्हणजे हे पद सारंगात, ते बिलावलात म्हणावे, असे संग्रह करणाऱ्यांना वाटत होते. आणि ते वाचून चाल लावू शकणारी माणसे गावोगाव होती.

आज भावनेला आपण काय ऐकतो ते लिहायला नको. चित्रपटगीताची चाल, तीच ढोलकी, तोच ताल, शब्द तेवढे स्तवनाचे. मुलांना ती चाल ऐकली की मूळ गाणे आठवते, आणि त्यासोबत पडद्यावरचे नृत्यही. भक्ती कोणत्या सुरात करावी याचा निर्णय ज्याचा त्याने करावा, ते सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ज्या पदावर सारंग छापलेले आहे, ते एकदा तरी सारंगात ऐकण्याचा हक्क आपल्या मुलांना आहे. आपल्या गावात एखादे संगीत विद्यालय असतेच. तिथल्या शिक्षकांना पोथी दाखवावी, चार पदांना रागात बसवायला सांगावे, आणि पुढच्या पर्युषणात किंवा दशलक्षणात एका संध्याकाळी ती पदे तंबोऱ्यावर आणि एका तबल्यावर, यंत्राविना म्हणून पाहावीत.

मुलांना मैफलीला नेताना पूर्ण अडीच तासांचा आग्रह मात्र धरू नये. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मधल्या रांगेत, तबलजीचे हात दिसतील अशा बाजूला बसवावे. द्रुत बंदिशीच्या वेळी त्याला हळूच सोळा मात्रा मोजायला लावाव्यात. तो समेवर बरोबर आला तर मान वर करून आपल्याकडे पाहील. कंटाळला तर बाहेर नेऊन दूध पाजावे, म्हणजे अर्थात सूर्यास्तापूर्वी असेल तर. नाहीतर सोबत नेलेले पाणी आहेच, आणि तेही चालत नसेल तर आवारात दोन फेऱ्या मारून पुन्हा आत यावे. भैरवी सुरू व्हायच्या आत आलात म्हणजे पुष्कळ झाले.